मॅन्टन बेचे बिऱ्हाड

इंग्लंडच्या मध्यभागी, लेस्टरपासून मोटारीने तासाभराच्या आत, रटलंड वॉटर नावाचा विस्तीर्ण जलाशय आहे. लेस्टर हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तेथे आहेत, आणि १९८८ साली प्रतिष्ठा झालेल्या तेथील जिनमंदिराचे दर्शन घेऊन आलेली मंडळीही पुष्कळ आहेत. रटलंड वॉटरला मात्र आपले लोक सहसा जात नाहीत. ग्वॉश नावाच्या लहानशा नदीचे खोरे अडवून १९७० च्या दशकात हे पाणी साठविण्यात आले. काठावर नॉर्मन्टनचे जुने चर्च खालचा भाग भरावात पुरलेल्या अवस्थेत उभे आहे. आपल्या उजनीच्या पाण्यात पळसदेवचे मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आधी शिखर आणि मग हळूहळू बाकीचे मंदिर दिसू लागते. त्याची आठवण व्हावी असे ते दृश्य.

या जलाशयाच्या मॅन्टन बे नावाच्या एका कोपऱ्यात, उथळ पाण्यात, एक उंच खांब रोवलेला आहे. खांबावर फळ्यांचा चौथरा, चौथऱ्यावर काटक्यांचा मोठा ढीग आणि त्या ढिगावर नजर ठेवणारा कॅमेरा. त्या ढिगात ऑस्प्रे जातीच्या पक्ष्यांचे बिऱ्हाड आहे. ऑस्प्रे म्हणजे घारीएवढा, किंबहुना तिच्याहून काहीसा थोराड, पोटाशी पांढरा आणि डोळ्यांवरून काळा पट्टा गेलेला शिकारी पक्षी. तो मासे खातो आणि माशांखेरीज जवळजवळ काहीच खात नाही.

माझी कन्या लेस्टरला असते. ‘निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता?’ या तिच्या नेहमीच्या प्रश्नाला माझ्याकडून समाधानकारक उत्तर मिळत नाही, असे पाहून एका एप्रिल महिन्यात तिने या कॅमेऱ्याचा दुवा पाठविला. उन्हाळ्यात आपली घड्याळे त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतात. त्यामुळे सकाळची सामायिक आटोपून, नवकारसीनंतर दूध घेऊन मी बसतो तेव्हा तेथे नुकते फटफटत असते, आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वी आमचे जेवण उरकते तेव्हा तेथे भर दुपार असते. म्हणजे त्या कुटुंबाचा अर्ध्याहून अधिक दिवस आम्हांला पाहता येतो.

मादीचे नाव माया. नराला नाव नाही. त्याच्या पायात निळे कडे आहे आणि त्यावर ३३ हा आकडा आहे. तो २०११ साली जन्मला, म्हणून नोंदवहीत तो ३३(११). आयुष्यभर माणसांना खातेक्रमांकाने ओळखल्यामुळे मला यात काही वावगे वाटले नाही. सौ.ला वाटले. “अहो, आईला नाव आणि बापाला नुसता आकडा?” असे तिने पहिल्याच दिवशी विचारले, आणि पुढे ती त्याला ‘तेहेतीसभाऊ’ म्हणू लागली. ही जोडी २०१५ पासून याच घरट्यात संसार करते आहे. २०१९ साली तर तिने एकाच हंगामात चार पिल्ले वाढविली. हिवाळ्यात मात्र दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. ब्रिटनचे ऑस्प्रे सुमारे पाच हजार किलोमीटर उडून पश्चिम आफ्रिकेत जातात, जो तो आपल्या वाटेने. मार्च महिन्यात दोघे काही दिवसांच्या अंतराने त्याच खांबावर परत येतात.

हे पक्षी तेथे कसे आले, याची कथा व्यापारी घरातल्या माणसाला आवडेल अशी आहे. एकेकाळी ब्रिटनमध्ये ऑस्प्रे पुष्कळ होते. मत्स्यतळ्यांच्या मालकांनी ते मारले, आणि अंडी जमविण्याचा छंद असलेल्या धनिकांनी त्यांची घरटी लुटली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची वीण तेथून संपली. १९५४ साली स्कॉटलंडमध्ये एक जोडी आपण होऊन आली. लोक रात्रंदिवस पहारा देत असत. तरीही १९५८ साली कोणीतरी रात्री झाडावर चढून घरट्यावर हात मारलाच, आणि मागे रंग फासलेली कोंबडीची अंडी सापडली. (खोटे तारण ठेवून माल उचलण्याची ही रीत बँकेत काम केलेल्यास ओळखीची वाटेल.) दुसऱ्या वर्षी त्या संस्थेने उलटा मार्ग धरला. घरटे गुप्त न ठेवता सर्वांना दुरून पाहू दिले. जे हजारो डोळ्यांसमोर आहे ते चोरणे अवघड, हा तो हिशेब. आजचा कॅमेरा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होय.

रटलंडमध्ये १९९६ ते २००१ या काळात स्कॉटलंडहून एकूण ६४ पिल्ले आणून सोडण्यात आली. ऑस्प्रे जेथून प्रथम उडतो तेथेच पुढे परततो, एवढ्या एका भरवशावर ही गुंतवणूक होती. सहा हंगाम खर्च केल्यावर २००१ साली तेथे पहिले पिल्लू जन्मले. एकच. अशा परताव्यावर कर्ज मंजूर करण्याचे धाडस मी माझ्या नोकरीत केले नसते.

त्या हंगामात मायाने तीन अंडी घातली. ती पाच आठवड्यांहून अधिक काळ उबवावी लागतात. पिल्ले एकाच दिवशी बाहेर येत नाहीत, एकेक-दोनदोन दिवसांच्या अंतराने येतात. त्यामुळे थोरल्या-धाकट्याचा भेद जन्मापासूनच. नर मासा आणतो. बहुधा डोक्याकडचा भाग त्याने आधीच खाल्लेला असतो, ही त्याची मजुरी. उरलेल्या माशाचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढून माया मान तिरकी करून एकेका चोचीत ठेवते. जी नखे मासा भोसकतात तीच नखे पिल्लांमध्ये वावरताना ती मुठीसारखी मिटून घेते. हे मी अनेकदा पाहिले, आणि दर वेळी पाहतच राहिलो. पाऊस लागला की पंख अर्धवट पसरून ती त्यांच्यावर छत्रीसारखी उभी राहते. पाणी तिच्या पाठीवरून ओघळत असते आणि खाली तीन डोकी कोरडी असतात.

एवढेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

कारण असे, की कधी कधी आणलेला मासा जिवंत असतो. तो काटक्यांवर तडफडतो, कल्ले उघडमिट करतो, आणि त्याच अवस्थेत त्याला फाडणे सुरू होते. सौ. त्या वेळी उठून आत जाते. मी जात नाही. पण माझ्या मनात जे होते ते ‘पाहणे’ नव्हे. सुटीत आलेली आमची नऊ वर्षांची नात माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारले, “आजोबा, माया पापी आहे का?”

मी तिला तिर्यंच गतीबद्दल, विवेक नसलेल्या जिवाच्या कर्माबद्दल आपल्या शास्त्रात जे सांगितले आहे ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगितले. मग मेघरथ राजाची कथा सांगितली. ससाण्याच्या भयाने कबुतर राजाच्या मांडीवर येते. ससाणा म्हणतो, हे माझे अन्न आहे, याला वाचवशील तर मी मरेन. राजा तराजू मागवतो आणि स्वतःचे मांस पारड्यात घालू लागतो. लहानपणापासून ही कथा ऐकताना माझी दृष्टी नेहमी कबुतरावर असे. त्या कथेत ससाण्याची भूकही खरी मानली आहे, आणि तिच्यासाठी राजा तराजू मागवतो, हे त्या घरट्यासमोर बसल्यावर मला जाणवले.

याच सुमारास मी वेल्समधील डायफी नदीकाठच्या घरट्याची हकिकत वाचली. २०१२ च्या जूनमध्ये तेथे अतिवृष्टी झाली. गढूळ पाण्यात नराला मासा दिसेना. तीनपैकी दोन पिल्ले कॅमेऱ्यासमोर मेली. तिसरे मान टाकू लागले तेव्हा निसर्गाच्या कामात हात न घालण्याचा आपला नियम बाजूस ठेवून तेथील कार्यकर्ते वर चढले, त्यांनी त्याला माशाचे तुकडे भरवले आणि ते जगले. त्याचे नाव सेलान. तो उडाला, आफ्रिकेपर्यंत पोहोचला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सेनेगलमध्ये मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेला. २०२१ साली वेल्समध्येच ग्लास्लिनच्या घरट्यातला नर वादळाच्या दिवसांत जखमी झाला. त्याला मासा मारता येईना. लोकांनी जवळ मासे नेऊन ठेवले. नर-मादी त्यावर तगली. तिन्ही पिल्ले मात्र गेली.

या हकिकती मी पांजरपोळाचे काम पाहणाऱ्या एका स्नेह्यांना सांगितल्या. तो दयेचा प्रकार होता की नव्हता, असे मी विचारले. ते व्यवहारी गृहस्थ आहेत. म्हणाले, “दया खरीच, पण तिची किंमत माशाने मोजली.” त्यांनी दिल्लीचे उदाहरण दिले. चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचे पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. देशात त्याचे नाव आहे. तेथे कबुतरे, पोपट, चिमण्या मुक्कामी ठेवून बऱ्या करतात. शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना ठेवून घेत नाहीत. कारण ठेवायचे तर मांस द्यावे लागेल. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघे भाऊ पतंगाच्या मांजाने कापलेल्या घारींची वर्षानुवर्षे शुश्रूषा करीत आहेत, आणि या पक्ष्यांना अन्यत्र आसरा मिळत नाही हे पाहूनच ते या कामात पडले. त्यांच्यावरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

रुग्णालयाचा नियम निर्दय आहे असे मला वाटत नाही. एक जीव वाचविण्यासाठी रोज दुसरा जीव घेण्याची जबाबदारी आपण घेणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले आहे, आणि सांगून पाळले आहे. पण त्या दोन भावांचे काम कमी प्रतीचे आहे असे म्हणण्याची माझी जीभ रेटत नाही. घारीचा पंख ज्या मांजाने कापला तो माणसाने उडविलेला असतो. तेथे निसर्गाकडे बोट दाखवून हात झटकता येत नाहीत. सेलानचे प्रकरण निराळे. तेथे पाऊस होता, पूर होता, कोणाचा अपराध नव्हता. मी तेथे असतो तर? शिडीसाठी, औषधासाठी, पहाऱ्यासाठी देणगी दिली असती. माशासाठी माझा हात खिशात गेला नसता.

हे मी मोठ्याने बोललो असावे. नात म्हणाली, “पण आजोबा, औषध खाऊन ते मोठं कसं झालं असतं?”

वाणिज्य शाखेत पहिला धडा दोन बाजूंचा असतो: प्रत्येक नावेला जमा आहे. तो धडा मी चाळीस वर्षे गिरवला. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी मांडू शकतो, बेरजा करू शकतो. ताळेबंद जुळत नाही. कार्यकर्ते शिडीवर चढले ते चुकले, असे म्हणायला मी तयार नाही. मी चढलो नसतो, हेही तितकेच खरे आहे.

जुलै उजाडला तसा घरट्यात कालवा वाढला. पिल्ले वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवू लागली, वीतभर वर उचलली जाऊन पुन्हा धपकन बसू लागली. जन्मापासून साधारण साडेसात आठवड्यांनी थोरले उडाले. धाकटे त्यानंतर तीन दिवस काठावर बसून होते. त्या तीन दिवसांत सौ. जिवंत मासा आला तरी उठून गेली नाही; ती म्हणे, “मी त्याच्याकडे बघतेय, माशाकडे नाही.”

ऑगस्टमध्ये प्रथम माया निघून जाते. हे पाहून आमच्याकडे आलेल्या एका काकूंना धक्का बसला. मुलांना टाकून आई कशी जाते? पण अंडी, ऊब, पावसातला पहारा, पिल्लांना भरवणे, सगळे तिने केलेले असते. मागे बाप राहतो. पिल्ले उडू लागली तरी मासा मारता येत नाही; ती खांबावर बसून ओरडत असतात आणि तेहेतीसभाऊ खेपा घालीत असतात. मग एकेक पिल्लू नाहीसे होते. त्यांना कोणी वाट दाखवत नाही. आई आधीच गेलेली, बाप सर्वांत शेवटी निघणार, भावंडे वेगवेगळ्या दिवशी गेलेली. आयुष्यात एकदाही न पाहिलेल्या आफ्रिकेकडे ते एकटे उडते, आणि पहिली दोन वर्षे बहुधा तेथेच राहते. जितकी जातात त्यांतला साधारण तिसरा हिस्सा परत येतो.

पर्युषणाच्या दिवसांत घरट्यात कोणी नव्हते. कॅमेरा चालूच होता. रिकाम्या काटक्या आणि मागे करड्या रंगाचे पाणी. सौ. जाता-येता विचारी, “आहे का कोणी?”

ऑस्प्रे आपल्याकडेही येतो, हे मला नंतर कळले. ते वेल्सचे किंवा रटलंडचे नव्हेत. उत्तर आशियात वीण करणारे पक्षी हिवाळ्यासाठी आपल्या जलाशयांवर उतरतात. जानेवारीत आम्ही दोघे भिगवणला गेलो. नावाड्याला रोहित पक्ष्यांचे थवे दाखवायचे होते, कारण येणाऱ्यांना तेच हवे असतात. ऑस्प्रे म्हटल्यावर त्याने नाव वळविली. पाण्यातल्या एका वाळक्या झाडावर तो बसला होता, पायाखाली मासा दाबून. डोक्याकडचा भाग खाऊन झाला होता. पायात कडे नव्हते, त्याचा आकडा कोणाला ठाऊक नव्हता.

सौ.ने दुर्बीण माझ्याकडून घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. मग नावाड्याला म्हणाली, “भाऊ, याची पिल्लं कुठं असतील हो आता?”

“इथं नसत्यात ताई,” तो म्हणाला, “हा एकटाच असतोय,” आणि त्याने रोहित पक्ष्यांच्या दिशेने वल्हे मारले.