दोन चिपांचं कार्ड

चि. भाच्यास,


काल रात्री तुझा मेसेज मिळाला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यात ‘टायटन झेड’ हे ग्राफिक्स कार्ड सेकंड हँड आलंय, एकाच कार्डावर दोन जीपीयू चिपा, १२ जीबी मेमरी, आणि दुकानदार शनिवारपर्यंत थांबायला तयार आहे. फोटोही पाहिला. कॅबिनेटमधले तीन स्लॉट अडवणारं ते धूड, मधोमध मोठा पंखा. मोह पडावा असंच आहे. पण त्यासाठीचे पैसे तू पगारातून महिन्याला थोडे थोडे करून साठवलेत. ‘नको’ एवढं एका शब्दात कळवून मोकळं होणं मामाला पटलं नाही. या कार्डाची आणि त्याच्या भावंडांची हकिगत आधी वाच, मग काय ते ठरव.

टायटन झेडची घोषणा एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मार्च २०१४ मध्ये केली. किंमत २,९९९ डॉलर. डॉलर तेव्हा साठ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जकात-कर धरायच्या आधीच पावणेदोन लाखांच्या वर. त्याच कंपनीचं ‘टायटन ब्लॅक’ हे एका चिपचं कार्ड ९९९ डॉलरला मिळत होतं आणि त्यावरही तीच जीके११० चिप होती. दोन टायटन ब्लॅक घेतली तरी हजार डॉलर हातात उरत, शिवाय ती जोडी जास्त वेगवान. कारण सरळ होतं. दोन तापट चिपा एका पत्र्याखाली बसवायच्या तर त्यांना आवर घालावा लागतो. टायटन ब्लॅकची चिप मूळ ८८९ मेगाहर्ट्झवर चालायची, टायटन झेडवर तीच ७०५ वर आणून ठेवली होती.

आता तुझे १२ जीबी. ते सहा अधिक सहा आहेत, आणि गेमच्या दृष्टीने सहाच. दुकानदार खोटं बोलत नाहीये, खोक्यावरही तसंच छापलेलं होतं. पण ही बेरीज गेममध्ये होत नाही.

का होत नाही, ते आजीच्या चुलीवरून सांगतो. घरी पाहुणे आले की आजी आणि मोठी मामी दोन चुलींवर भाकऱ्या करायला बसायच्या, आठवतंय ना? दोघींपुढे आपापली परात, आपापलं पीठ. एकीच्या परातीतलं पीठ दुसरीच्या हाताला येत नसे, म्हणून दोन्हीकडे पुरेसं पीठ आधीच काढून ठेवावं लागे. या कार्डावरच्या चिपा नेमकं तसंच करतात. पहिली फ्रेम एकीने रंगवायची, दुसरी दुसरीने, तिसरी पुन्हा पहिलीने. गेममधल्या भिंती, झाडं, चेहरे हे सगळं सामान दोघींच्या मेमरीत वेगवेगळं, पण तेच्या तेच भरलेलं असतं. २०१२ च्या ‘जीटीएक्स ६९०’ या अशाच कार्डावर ४ जीबी लिहिलं होतं, गेमला मिळायचे २. दोन वर्षांनी ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ हा गेम आला आणि त्याच्या सगळ्यात वरच्या टेक्स्चरसाठी ६ जीबीची शिफारस होती. हजार डॉलरचं कार्ड तिथे अडलं.

भाकरीचीच गोष्ट आणखी एका कामाला येते. दोघींनी मिळून मिनिटाला चार भाकऱ्या केल्या हे खरं, पण दोघींच्या भाकऱ्या एकाच वेळी उतरल्या तर जेवणाऱ्याच्या ताटात एकदम दोन पडतात आणि मग तो रिकाम्या ताटाकडे बघत बसतो. सरासरी चारचीच राहते, जेवण मात्र अडखळतं. गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत आली आणि पुढची २८ मध्ये, तरी काउंटर साठच दाखवणार. डोळ्याला ते साठ वाटत नाही. गेमर त्याला मायक्रोस्टटर म्हणतात, आणि दोन चिपांच्या कार्डांवर हा आजार अगदी सुरुवातीपासून होता.

तो मोजायला बरीच वर्षं लागली. ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सप्टेंबर २०११ मध्ये सरासरी बाजूला ठेवली आणि एका सेकंदाच्या आत प्रत्येक फ्रेम किती वेळ घेते ते मांडायला सुरुवात केली. २०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट नावाचं साधन परीक्षकांच्या हाती दिलं. त्याची रीत बघण्यासारखी आहे. प्रत्येक फ्रेमच्या डाव्या कडेला एका रंगाची पट्टी रंगवायची, स्क्रीनवर जाणारं चित्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर जसंच्या तसं टिपायचं, आणि मग कोणता रंग किती उंच दिसला ते मोजायचं. एनव्हिडियाची स्पर्धक एएमडी, तिच्या दोन चिपांच्या जोडणीत कित्येक रंग स्क्रीनवर जेमतेम काही ओळी उमटून गायब होत होते. फ्रेम मोजली जात होती, दिसत नव्हती. एएमडीचं ‘एचडी ७९९०’ हे दोन चिपांचं कार्ड नेमकं त्याच वर्षी एप्रिलमध्ये ९९९ डॉलरला बाजारात आलं. दुरुस्तीचा ड्रायव्हर ऑगस्टमध्ये आला आणि काही महिन्यांतच कार्डाची किंमत उतरवावी लागली. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्याने तोवर काय पाहिलं असेल, याचं मामाला आजही वाईट वाटतं.

ही सगळी कार्डं टाकाऊ होती, असं मात्र समजू नकोस. जीटीएक्स ६९० हे मनापासून बनवलेलं यंत्र होतं. पंख्याभोवतीचं घर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, दोन्ही अंगांना पारदर्शक खिडक्या, त्यांतून चिपांवरचे थंडाव्याचे पत्रे दिसायचे, आणि कडेला ‘जीफोर्स जीटीएक्स’ ही अक्षरं हिरवी उजळायची. परीक्षकांकडे ते लाकडी खोक्यातून गेलं आणि खोकं उघडायला लोखंडी पहारही पाठवली होती. किंमत ९९९ डॉलर, म्हणजे दोन ‘जीटीएक्स ६८०’इतकीच. दोन ६८० मिळून ३९० वॅट घेत, हे ३०० वॅटमध्ये जवळपास तेवढंच काम करायचं. एएमडीचं २०१४ चं ‘आर९ २९५एक्स२’ही तसंच. १,४९९ डॉलर, म्हणजे टायटन झेडच्या निम्म्या किमतीत ते बऱ्याच गेममध्ये टायटन झेडच्या पुढे गेलं. त्या काळी ४के मॉनिटरवर नवे गेम नीट चालवणं एका चिपच्या आवाक्याबाहेर होतं. ज्याच्याकडे पैसा होता आणि वर्ष-दोन वर्षांत तो पुन्हा नवीन घेणारच होता, त्याला असं कार्ड शोभलं. घरात जो एकच कार्ड चार-पाच वर्षं वापरणार, त्याच्यासाठी ते कधीच नव्हतं.

कारण अशा कार्डाचं निम्मं बळ दुसऱ्यांच्या हातात असतं. प्रत्येक नव्या गेमसाठी कंपनीने ड्रायव्हरमध्ये वेगळी प्रोफाइल लिहायची, गेम बनवणाऱ्यांनी दोन चिपांचा विचार करून इंजिन रचायचं, तेव्हा कुठे दुसरी चिप जागी होणार. २०१४ चा ‘वुल्फेनस्टाइन : द न्यू ऑर्डर’ दोन चिपा वापरतच नव्हता. अशा गेममध्ये टायटन झेडवाल्याची एक चिप राबायची आणि दुसरी बसून असायची.

पुढे तर चित्र रंगवायची पद्धतच बदलली, आणि ते बदलणं योग्यच होतं. नव्या गेममधली फ्रेम दह्यासारखी लागते. कडा गुळगुळीत करायला, सावल्या आणि प्रकाश स्थिर ठेवायला तिला आधीच्या फ्रेमचं विरजण लागतं. एका चिपच्या घरात ते फडताळातच असतं. दोन चिपांत प्रत्येक वेळी शेजारणीकडून वाटी आणायला जावं लागतं, आणि त्या येण्याजाण्यात दोघींनी वाचवलेला वेळ संपून जातो. डायरेक्टएक्स १२ ने २०१५ मध्ये ही वाटणी गेम बनवणाऱ्यांच्या हाती दिली. ‘ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ने ती करूनही दाखवली, अगदी एनव्हिडिया आणि एएमडीची कार्डं एकत्र जुंपून. पण मूठभर लोकांकडे असलेल्या कार्डांसाठी महिनोन् महिने काम करायला बाकीचे स्टुडिओ तयार झाले नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. शेवटी १ जानेवारी २०२१ पासून एसएलआय या आपल्या जोडणीच्या पद्धतीसाठी नव्या प्रोफाइल देणं एनव्हिडियाने थांबवलं. गेमिंग कार्डांत जोडणीची खाच शेवटची ‘आरटीएक्स ३०९० टीआय’ला होती, २०२२ च्या ‘४०९०’ला ती नाही.

सॉफ्टवेअरने दुसरी चिप अशी वाऱ्यावर सोडणं काही पहिल्यांदा घडलं नाही. १९९९ च्या अखेरीला एटीआयने ‘रेज फ्युरी मॅक्स’ हे दोन चिपांचं कार्ड काढलं. विंडोज ९८ वर ते ठीक चाललं. काही आठवड्यांत विंडोज २००० आलं आणि त्यावर दोनपैकी एकच चिप चालायची, असा प्रकार होऊन बसला. याउलट थ्रीडीएफएक्सची १९९८ ची ‘व्हूडू २’ जोडी झकास चालायची. एका कार्डाने विषम ओळी रंगवायच्या, दुसऱ्याने सम. एकाच फ्रेमची वाटणी, त्यामुळे अडखळणं नाही आणि विरजणाचा प्रश्नही नाही. एकट्या कार्डाची मजल ८०० बाय ६०० पर्यंत, जोडीची १०२४ बाय ७६८ पर्यंत. त्या वेळचं चित्र इतकं साधं होतं, म्हणून ते जमलं.

आता विजेचं बघ. टायटन झेडला ३७५ वॅट लागतात. स्लॉटमधून ७५ आणि आठ पिनांच्या दोन वायरींतून १५०-१५०, म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत. तुझ्या फोटोत कॅबिनेटमध्ये ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, दिसतोय. तो बदलावा लागेल, आणि चांगला घ्यायचा तर तो खर्च या कार्डाच्याच खात्यात धर. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर ५०० वॅटचा असतो, पण तो चटणीपुरता दोन मिनिटं फिरतो. हे कार्ड मे महिन्यात तुझ्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्रीचे चार तास तापत राहील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यावरच्या चिपा केप्लर पिढीच्या आहेत. त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१ मध्ये बंद केलं. नवे गेम डायरेक्टएक्सची जी पातळी मागतात ती त्या चिपांत मुळातच नाही, ती ड्रायव्हरने आणताही येत नाही. २०२३ चा ‘ॲलन वेक २’ आला तेव्हा केप्लरच्या कितीतरी नंतरच्या जीटीएक्स १० मालिकेवरही तो नीट चालेना. तुला हवे असलेले गेम तू मेसेजमध्ये लिहिलेस, त्यांतले निम्मे गेल्या तीन वर्षांतले आहेत.

तुला ब्लेंडरमध्ये काम करायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. रेंडरिंगला दोन चिपा खऱ्या अर्थाने दोन असतात, कारण तिथे एकीला दुसरीची वाट बघावी लागत नाही. पण तू कार्ड गेमसाठी घेतोयस.

त्याच गल्लीत ‘आरटीएक्स ३०६०’ शोध. १२ जीबीवालं, ८ जीबीवालंही असतं, ते नव्हे. ते १२ जीबी एकाच चिपचे, म्हणजे सगळेच्या सगळे तुझे. वीज १७० वॅट, तुझा आत्ताचा एसएमपीएस पुरतो का तेवढं तपासून घे. वापरलेलं घेणार असशील तर दुकानातच अर्धा तास गेम लावून बसायला सांग. तापमान बघ, पंख्यांचा आवाज ऐक, मूळ बिल माग आणि त्यावरची तारीख वॉरंटीशी ताडून बघ. दुकानदार चालवून दाखवायला कुरकुरला तर पुढच्या गाळ्यात जा.

ताईला नमस्कार सांग. ती काळजी करतेय की तू जेवणाचे पैसे वाचवतोस, तेवढं करू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. – टोकन म्हणून हजार रुपये दिले आहेस, ते परत मिळत नसतील तर सोडून दे. शनिवारी सकाळी मी दादरला उतरतो, दहा वाजता पुलाखाली भेट. ग्रँट रोडला बरोबरच जाऊ.