मॅगीची डायरी पुन्हा वाचताना : मुलं जेवण टाळू लागतात तेव्हा

आजचा विषय आजाराचाच आहे, पण सुरुवात गोष्टीच्या पुस्तकांपासून करते. थोडा धीर धरा, लवकरच दवाखान्यात पोचू.

अ‍ॅन एम. मार्टिन या अमेरिकन लेखिकेची 'द बेबी-सिटर्स क्लब' ही मालिका काहींना माहीत असेल. त्याच मालिकेला फुटलेली एक फांदी म्हणजे 'कॅलिफोर्निया डायरीज'. पहिलं पुस्तक १९९७ साली आलं. एकूण १५ पुस्तकं, पाच मुलं आणि प्रत्येकाच्या तीन डायऱ्या. पाचांपैकी चार मुली, साधारण तेरा वर्षांच्या, आणि एक थोडा मोठा मुलगा. माझ्या अमेरिकेतल्या मामेबहिणीने तिची वाचून झालेली पुस्तकं मला दिली होती. शाळेत असताना मी ती वाचली आणि गेल्या महिन्यात कपाट आवरताना सापडली म्हणून पुन्हा वाचली.

शाळेत असताना मला सगळ्यात आवडायची ती मॅगी. वडील सिनेमाचे निर्माते, मोठं घर, अभ्यासात पहिली. ती पियानो वाजवते, गाणी लिहिते आणि एका बँडमध्ये गाऊ लागते. पण आपल्याला हे जमतंय का, आपण चांगल्या आहोत का, ही शंका तिला सोडत नाही. घरात आईच्या दारूचं दुखणं आहे, पण बाहेरून सगळं छान दिसायला हवं. तेव्हा मी ही पुस्तकं बँडसाठी आणि गाण्यांसाठी वाचली. आता डॉक्टर म्हणून वाचताना नजर गाण्यांवर कमी आणि तिच्या ताटावर जास्त गेली. कारण याच डायऱ्यांमध्ये मॅगीला खाण्याचा विकार जडतो.

गाणं मोजता येत नाही, वजन मोजता येतं

मॅगीच्या निमित्ताने एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. गाणं चांगलं झालं की नाही, हे ठरवायला कोणतंही माप नसतं. दहा जणांनी वाहवा केली तरी ज्याच्या मनात शंका आहे, त्याची शंका जात नाही. आईचं पिणंही मुलीच्या हातात नसतं. वजनकाट्यावरचा आकडा मात्र स्पष्ट असतो. तो कमी झाला की 'आज मला काहीतरी जमलं' असं वाटतं. मग मनाला त्याची चटक लागते.

म्हणूनच हा आजार अनेकदा हुशार, नीटनेटक्या, स्वतःकडून फार अपेक्षा ठेवणाऱ्या मुलांमध्ये दिसतो. अतिपरिपूर्णतेचा ध्यास हा त्यातला एक धोक्याचा घटक मानला जातो. अनुवंशिकतेचाही वाटा असतो. नाच, जिम्नॅस्टिक्स किंवा रंगमंच अशा जिथे शरीर सतत लोकांच्या नजरेत असतं, त्या क्षेत्रांत जास्त सावध राहावं लागतं. मुलग्यांनाही हा आजार होतो, फक्त त्यांच्याबाबतीत कोणाला शंका येत नाही.

नाव फसवं आहे

या आजाराचं नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. हे नाव इंग्लंडचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७०च्या दशकात रूढ केलं. शब्दशः अर्थ घेतला तर 'मानसिक कारणाने भूक न लागणं'. पण बहुतेक रुग्णांना भूक लागते, चांगलीच लागते. ती दाबून धरलेली असते. वजन वाढण्याची तीव्र भीती वाटते आणि आरशात स्वतःचं शरीर आहे त्यापेक्षा जाड दिसतं.

'दोन फटके दिले की खाईल' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण पुरुषांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्यापैकी कोणालाही खाण्याचा विकार नव्हता. तरी ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. म्हणजे उपासमारच मेंदूचं वागणं बदलते. मूल हट्ट करतंय असं आपल्याला वाटतं तेव्हा त्या हट्टात उपाशी मेंदूचाही मोठा भाग असतो. म्हणून आधी पोटात अन्न जावं लागतं, मगच समजावण्याचा उपयोग होतो.

डायरी नसलेल्या घरात काय पाहायचं?

पुस्तकाच्या वाचकाला मॅगीची डायरी उघडून दिलेली असते. तिच्या घरच्यांना ती दिसत नाही. मैत्रिणींच्या मात्र लक्षात येतं. खऱ्या आयुष्यातही बऱ्याचदा असंच होतं, म्हणून मुलीची मैत्रीण काही सांगायला आली तर तिला 'तू तुझं बघ' म्हणू नका.

माझ्याकडे अशा मुली 'वजन कमी झालं' म्हणून क्वचितच येतात. कोणी पाळी चुकली म्हणून येते, कोणी चक्कर येते म्हणून, कोणी केस गळतात म्हणून. 'अभ्यासाचं टेन्शन असेल' असं आई म्हणते. घरात या गोष्टी दिसल्या तर थांबून विचार करा :

- जेवणाच्या वेळी नेमकं काहीतरी काम निघणं, 'मैत्रिणीकडे खाल्लं' हे रोजचं उत्तर होणं, डबा तसाच परत येणं.
- दुसऱ्यांसाठी हौसेने रांधणं, पण स्वतः न खाणं.
- अचानक वाढलेले उपास. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र : आपल्याकडे उपासाला कोणी 'का' विचारत नाही, उलट कौतुक होतं. श्रद्धेचा उपास आणि वजनाच्या भीतीचा उपास बाहेरून सारखेच दिसतात. फरक पारणं फेडताना कळतो.
- सतत थंडी वाजणं, ढगळ कपडे घालणं, अंगावर बारीक लव येणं.
- जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं.
- दमलेली असतानाही व्यायाम न चुकवणं.

इंग्लंडमध्ये १९९९ साली डॉक्टरांसाठी पाच प्रश्नांची एक सोपी चाचणी तयार झाली. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? खाण्यावरचा ताबा सुटतोय अशी काळजी वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला स्वतः जाड वाटतं का? अन्नाच्या विचाराने आयुष्य व्यापलं आहे का? दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' असतील तर डॉक्टरांना भेटायला हवं. एकही 'हो' नसलं तरी तुमच्या मनात शंका असेल तर भेटाच.

हे थांबून पाहण्यासारखं दुखणं नाही

मानसिक आजारांमध्ये सर्वांत जास्त मृत्युदर असलेल्या आजारांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हाडं ज्या वयात भरायची त्याच वयात ठिसूळ होतात. चक्कर येऊन पडणं, जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असणं, पाणीही नाकारणं किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आणखी एक सूचना. बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलाला घाबरून एकदम भरपूर खाऊ घालू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचाराचा चांगला उपयोग होतो. ही पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झाली. त्यात दोष कोणालाच दिला जात नाही, आईवडिलांनाही नाही आणि मुलालाही नाही. सुरुवातीला काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, शेजारी बसून जेवतात. तब्येत सुधारली की तो ताबा हळूहळू मुलाकडे परत दिला जातो. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ तिघेही लागतात. वेळ लागतो, पण पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात. जितक्या लवकर उपचार सुरू होतील, तितकं चांगलं.

डायरी वाचावी का?

हा प्रश्न पालक मला हमखास विचारतात. माझं उत्तर : चोरून वाचू नका. वही ही त्या वयात मुलाची एकमेव स्वतःची खोली असते. जिवाला धोका आहे असं वाटत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही वही शोधत बसण्यापेक्षा थेट विचारा. 'तू हल्ली आमच्याबरोबर जेवत नाहीस, मला काळजी वाटते' एवढं वाक्य पुरेसं आहे. वजनाचा, दिसण्याचा विषय त्यात आणू नका. उत्तर 'काही नाही' असंच येईल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

आणि घरातल्या सगळ्यांना एक विनंती. लग्नाकार्यात, गणपतीत मुलं भेटतात तेव्हा आपलं पहिलं वाक्य 'किती जाडी झालीस गं' किंवा 'वा, छान बारीक झालीस' हेच असतं. दोन्ही वाक्यं टाळा. दुसरं वाक्य आजारी मुलीला बक्षिसासारखं वाटतं. त्याऐवजी तिला विचारा, सध्या काय वाजवतेस, काय गातेस. आणि ती गायली तर कशी गायली याचे गुण देऊ नका, नुसतं ऐका.

बोलायला कोणी नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा. मुलं तिथेही कधीतरी बघतातच.