कार्ड बसले, पण चित्र कुठे?

तीस वर्षे मी साखर कारखान्यात फिटर होतो. झिजलेले बेअरिंग काढायचे, नवे बसवायचे, मशीन चालू! एवढीच माझी विद्या. त्यामुळे इंदापूरच्या आमच्या घरातील संगणकाच्या पडद्यावर रंगीत पट्टे येऊ लागले, तेव्हा “पार्ट बदलला की झाले,” असे मी मुलीला सांगून टाकले.

मुलगी घरी बसून इमारतींचे नकाशे काढून देते. घराचा निम्मा खर्च त्यावर चालतो. ‘संगणकच नवा घ्या,’ असा सल्ला एकाने दिला. तेवढे पैसे आणायचे कुठून? तिने आधी केबल बदलली, शेजाऱ्यांचा मॉनिटर लावून पाहिला, ड्रायव्हर पुन्हा टाकला. पट्टे कायम. तेव्हा दोष ग्राफिक्स कार्डाचाच, असे तिने ठरवले.

निमगाव केतकी, अंथुर्णे, सणसर करीत एसटीने आम्ही बारामतीला गेलो. दुकानात दोन वापरलेली कार्डे होती. मी स्वस्त कार्डाकडे हात नेला. ती म्हणाली, “पप्पा, थांबा. हे एनव्हिडियाचे केप्लर पिढीचे आहे. याचे नवे ड्रायव्हर 2021 सालीच थांबले. सुरक्षेच्या दुरुस्त्याही सप्टेंबर 2024 पर्यंतच होत्या.”

“ड्रायव्हर म्हणजे गं काय?”

“विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. तोच नसेल तर दोघांनी बोलायचे कसे?”

आम्ही महाग कार्ड घेतले. त्याला वेगळी वायर लागत नव्हती. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणारी 75 वॅटपर्यंतची वीज त्याला पुरणार होती.

घरी आल्यावर मी लगेच स्क्रू ड्रायव्हर काढला. तिने मला थांबवले. आधी नव्या कार्डाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेतला, इंटरनेट तोडले आणि संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून जुना ड्रायव्हर काढून टाकला. मग संगणक बंद करून प्लग काढला. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला सांगितला. स्लॉटची खिटी दाबून मी जुने कार्ड काढले, नवे बसवले. बटण दाबले. पडदा काळाच!

माझ्या पोटात गोळा आला. पैसे बुडाले, असे वाटले. तिने मागे वाकून पाहिले आणि हसली. मॉनिटरची केबल मी मदरबोर्डला लावली होती, कार्डाला नव्हे. केबल बदलताच चित्र आले, पण अक्षरे बटाट्याएवढी! “कार्डच खराब आहे,” मी म्हणालो. “नाही पप्पा, दुभाषा अजून यायचाय.” तिने ड्रायव्हर टाकला, संगणक पुन्हा सुरू केला आणि नकाशाची रेघ न् रेघ स्वच्छ दिसू लागली.

त्या रात्री तिने वहीत तारीख, कार्डाचे नाव आणि ड्रायव्हरचा क्रमांक लिहिला. कारखान्यात मीही अशीच वही ठेवीत असे. पार्ट बसवणे हे अर्धेच काम, हे मला उतारवयात लेकीने शिकवले. वाचकहो, आपल्या घरातली मुलगी संगणक उघडायला बसली, तर “राहू दे, बिघडेल” म्हणू नका. शेजारी बसा आणि बॅटरी धरा.