आधी कान, मग इअरफोन

वाचकहो, गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून दारव्ह्याला आली, तेव्हा फराळाच्या आधी मी तिच्यापुढे तीन इअरफोन ठेवले. तिन्ही कानाच्या आत बसणारे, तिन्ही वर्षभरात घेतलेले आणि तिन्हींविषयी माझी तक्रार होती. पहिल्यात डग्ग्याचा घुमारा नव्हता. दुसऱ्यात डग्गाच एवढा घुमत असे की गाणे त्याच्याखाली दबून जाई. तिसरा सर्वांत महाग होता, आणि त्यात तानपुराच ऐकू येत नव्हता. “शास्त्रीय संगीतासाठी योग्य असा एकही इअरफोन या कंपन्यांना करता येत नाही,” असा निष्कर्ष मी तिला ऐकवला.

मुलगी शाळेत असताना काही वर्षे गाणे शिकली आहे. तिने तिसरा इअरफोन कानांत घातला आणि माझ्याच फोनवर वसंतराव देशपांडे यांचा मारवा लावला. १९२० साली वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरला झाला. आमच्या दारव्ह्यावरून जाणारी ‘शकुंतला’ रेल्वे त्याच मूर्तिजापूरला पोहोचत असे. त्यामुळे त्यांना ऐकताना आपल्या प्रदेशातले कोणी गात आहे, अशी भावना माझ्या मनात नेहमी असते. दोन-तीन मिनिटे ऐकून ती म्हणाली, “बाबा, तानपुरा तर स्वच्छ लागतो आहे. जोडाच्या तारासुद्धा वेगळ्या कळताहेत.”

मी इअरफोन परत घेतला. मला फक्त गळा ऐकू आला.

मारव्यात तानपुरा न ऐकू येणे ही लहान गोष्ट नाही. या रागात पंचम वर्ज्य असतो आणि गायक षड्जावर फारसा विसावत नाही. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्या आधाराने तो षड्जाच्या अवतीभवती फिरत राहतो. घर जवळ आहे, पण आत पाऊल पडत नाही, ही मारव्याची हुरहुर. ते घर सतत दाखवत राहण्याचे काम तानपुऱ्याचे. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या बारीक धाग्याने, म्हणजे जव्हारीने, तारेतून जे वरचे सूक्ष्म स्वर उमलतात, त्यांवर तानपुऱ्याची सारी झळाळी अवलंबून असते. ती झळाळी माझ्यापुरती विझली होती आणि वर्षभर मी दोष दुकानदाराला देत होतो.

मुलीने आणखी एक गोष्ट सुचवली. जुने ध्वनिमुद्रण दोन्ही कानांत सारखेच असते, म्हणून गाणे डोक्याच्या मध्यभागी ऐकू यायला हवे. मला ते उजवीकडे कललेले वाटत असे. माझा पहिला, सरळ आकाराचा, वायरवाला इअरफोन घेऊन तिने डावीकडचा उजव्या कानात आणि उजवीकडचा डाव्या कानात घालायला लावला. दोष इअरफोनचा असता, तर गाणे डावीकडे सरकले असते. ते उजवीकडेच राहिले.

तीस वर्षे वैद्यकी करणाऱ्या माणसाला याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात यवतमाळला श्रवणचाचणी करून घेतली. बंद खोलीत बसून, कानावर हेडफोन लावून, बारीकसा स्वर ऐकू आला की बटण दाबायचे, इतकीच ही चाचणी. वेदना नाही, वेळही फार लागत नाही. माझ्या आलेखात २००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान ठीक होते. ४००० हर्ट्झपाशी रेषा खाली गेली होती. उजव्या कानात थोडी, डाव्यात बरीच. ८००० हर्ट्झला ती पुन्हा किंचित वर आली होती. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात रेषा वरच्या स्वरांकडे उतरतच जाते. मध्येच असा खळगा दिसला, तर प्रथम संशय मोठ्या आवाजाचा येतो. दोन कानांत फरक का, याची वेगळी तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी केली आणि दुसरा आजार नसल्याची खात्री करून दिली.

मग त्यांनी विचारले, “डाव्या कानावरच कसला मारा होतो?” तेव्हा मला एसटी आठवली.

बारा-तेरा वर्षे मी आठवड्यातून तीन दिवस दारव्हा–यवतमाळ असा प्रवास करीत होतो. त्या प्रवासात माझे सारे ऐकणे होई. ओळखीचे कोणी बोलले तर ऐकू यावे, म्हणून उजवा कान मोकळा ठेवायचा आणि इअरफोन फक्त डाव्या कानात घालायचा, ही माझी सवय. दोन कानांनी ऐकलेला आवाज एका कानाने ऐकलेल्यापेक्षा मोठा भासतो. म्हणून एकाच कानाने ऐकणारा माणूस नकळत आवाज वाढवतो. त्यात बसचे इंजिन, खडखडणाऱ्या काचा आणि कानात नीट न बसणारा इअरफोन. आलाप ऐकू यावा म्हणून मी आवाज जवळजवळ शेवटपर्यंत नेत असे.

आमच्या भागात जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे काम केलेले लोक दवाखान्यात येतात. ते मोठ्याने बोलतात, प्रश्न दोनदा विचारावा लागतो. त्यांना कान जपण्याचा सल्ला मी अनेकदा दिला आहे. दुर्गोत्सवात ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर नाचून आलेल्या मुलांनाही रागावलो आहे. वसंतरावांचा मारवा मात्र मी कधी ‘आवाज’ मानलाच नाही. कानाला राग आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. त्याच्यापर्यंत दाब पोहोचतो. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. माणसामध्ये त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यासाठी गोळी नाही, थेंब नाहीत, काढाही नाही.

आता आपण म्हणाल, मग इअरफोन वापरायचेच नाहीत का? मी आजही वापरतो. निवडण्याची रीत तेवढी बदलली आहे. पूर्वी मी ‘यात किती ऐकू येते’ हे पाहत असे, आता ‘किती हळू आवाजात पुरेसे ऐकू येते’ हे पाहतो.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते टोकाचे रबर. खोक्यात बहुधा लहान, मध्यम आणि मोठे असे तीन जोड असतात. पुष्कळ जण लावून आलेलाच जोड वापरतात. तिन्ही लावून पाहा. दोन कानांना वेगवेगळ्या मापाचे रबर लागले, तरी त्यात वावगे काही नाही. नीट बसलेल्या इअरफोनने बाहेरचा गलका मंदावतो आणि स्वतःचे बोलणे घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटते. फट राहिली, तर पहिला बळी डग्ग्याचा जातो, आणि तो शोधण्यासाठी आपण आवाज वाढवतो. माझ्या पहिल्या इअरफोनची सारी तक्रार मोठ्या रबराने मिटली.

दुसरे, ‘बास’ची जाहिरात असलेला इअरफोन ख्यालासाठी घेऊ नये. त्यात खालचे स्वर मुद्दाम फुगवलेले असतात. पारखण्यासाठी आपल्या ओळखीचे एकच ध्वनिमुद्रण निवडावे. आरंभी एकटा तानपुरा असतो, तो ऐकावा. मग गळ्यातील श्वास आणि शब्दांची व्यंजने स्वच्छ आहेत का ते पाहावे. शेवटी डग्ग्याची मींड गाण्याला न झाकता ऐकू येते का, ते तपासावे. फार जुन्या तबकड्यांत वरचे सूर मुळात टिपलेच गेलेले नाहीत. ते कितीही महाग इअरफोनने परत येणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी जास्त पैसे घालवू नयेत.

तिसरे, प्रवासात ऐकत असाल, तर बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय असलेला इअरफोन उपयोगी आहे. बसच्या इंजिनासारखी एकसुरी घरघर तो चांगली कमी करतो, म्हणून संगीत हळू ठेवता येते. रस्त्याने चालताना किंवा दुचाकीवर मात्र इअरफोन कानात नकोतच.

आवाज किती असावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे ही मर्यादा आहे. मुलांसाठी पातळी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. अनेक फोनमध्ये ही पातळी पाहता येते. ती सोय नसेल, तर आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा.

शास्त्रीय संगीतात एक खास धोका आहे. विलंबित आलापी हळू असते. तिच्यासाठी आवाज लावला की अर्ध्या तासाने द्रुत लयीत तबला आणि ताना त्याच पातळीवर कानावर आदळतात, आणि तोवर आपण रमलेले असतो. म्हणून मी आता आधी द्रुत भाग लावून आवाज ठरवतो, मग सुरुवातीला परत येतो. आलाप थोडा हळू ऐकू येतो. त्यासाठी खोलीतला पंखा कमी करतो, खिडकी लावून घेतो.

रबर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. आंघोळीनंतर ओल्या कानात इअरफोन घालू नये. पावसाळ्यात कानातल्या बुरशीचे रुग्ण वाढतात, त्यांत इअरफोनवाले असतातच. एकमेकांचे इअरफोन वापरू नयेत. कानात घालण्याच्या इअरफोनने मळ आत ढकलला जातो. तो काडी, पिन किंवा कोमट तेल घालून काढू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर हे इअरफोन वापरूच नयेत. मधुमेह असलेल्यांनी कानदुखी अंगावर काढू नये. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे. तेथे उपचाराचे यश पहिल्या काही दिवसांवरच अवलंबून असते.

माझ्या कानांना आज श्रवणयंत्राची गरज नाही, वर्षाला एकदा तपासणी ठरली आहे. तिन्हींपैकी पहिला, सर्वांत स्वस्त इअरफोन मी ठेवला. परवा मुलीचा फोन आला होता. ती मारवाच ऐकत होती. तिला मी विचारले, आवाज कितीवर आहे? ती हसली आणि म्हणाली, “निम्म्यावर, बाबा. तानपुरा ऐकू येतोय.”

वाचकहो, आज रात्री घरातल्या सर्वांनी एकच ध्वनिमुद्रण, एकाच इअरफोनवर, एकाच पातळीवर ऐकून पाहावे. एकाला जे ऐकू येते ते दुसऱ्याला येत नसेल, तर इअरफोन बदलण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी.