मांजरांची धर्मशाळा

बदलापूर गाव,
पौष महिना

प्रिय दादा,

परवा फोनवर म्हणालास, "घराची पार धर्मशाळा केलीस!" मागून वहिनीही हसली. तेव्हा गॅसवर दूध उतू जात होतं, म्हणून वाचलास. आता सविस्तर ऐक.

तिकडे कुलाब्याला तुला जानेवारीतही पंखा लागतो. इथे पहाटे दोन गोधड्या पुरत नाहीत. समुद्र लांब, मागे माथेरानचा डोंगर आणि रात्री उल्हासच्या खोऱ्यात थंड हवा उतरून साचते. कुलाब्याच्या मानाने आपला पारा बराच खाली जातो. मोठी मांजरं कशीबशी निभावून नेतात. पण पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवताच येत नाही. आई पोटापाण्याला बाहेर पडली की ती गारठतात.

आपली आई चूल पेटवण्याआधी वैलात हात घालून मांजर हुसकायची, आठवतं? काळा बोका राखेने पांढरा होऊन बाहेर यायचा आणि ओटीवर अंग झटकायचा, की आजी करवादायची. माळ्यावर पेंढा, गोठ्यात म्हशीची ऊब, परसात उडवी. भूतदया हा शब्द घरात कुणी काढला नसेल, पण मांजरं थंडीत मेली नाहीत. मग आपण स्लॅब टाकला, ओटीला फरशी बसवली, खिडक्यांना सरकत्या काचा लावल्या. आपली सोय झाली आणि त्यांची बिऱ्हाडं उठली. प्रकल्पग्रस्तांना पर्यायी जागा द्यावी लागते ना? पडवीत मांजरांसाठी ठेवलेली माझी दोन खोकी म्हणजे तेवढंच. त्यात पुण्य-बिण्य काही नाही.

खोकी औषधाच्या दुकानातली, लशी ज्यातून येतात ती थर्माकोलची. तोंड वितीपेक्षा लहान ठेवलंय, म्हणजे मांजर शिरेल, कुत्रं नाही. खाली दोन-दोन विटा, तोंड भिंतीकडे, आत भाताचा पेंढा. गोधडी मुद्दामच घातली नाही. कापड दव ओढतं आणि गार पडतं. पेंढ्यात हवा अडकते, ऊब टिकते. शेजारच्या काकू मोठ्या मायेने ट्रंकेतला जुना स्वेटर घेऊन आल्या, डांबरगोळ्यांचा घमघमाट सुटलेला. परत पाठवला. डांबरगोळी मांजराला विष, फिनाईलही तसंच. त्यांच्या यकृताला ते निपटता येत नाही, आणि पायाला लागलेलं मांजर चाटणारच. तेव्हापासून पडवी साध्या साबणाच्या पाण्याने पुसते.

काकूंचं दुसरं म्हणणं, सकाळी मांजर आडवं जातं. म्हटलं, नातवाच्या सहाव्या रात्री सटवाई पुजलीत ना? बंगाल्यांकडे तीच षष्ठी, आणि तिचं वाहन मांजर! त्यावर काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बोंबलाची डोकी पाठवली.

तुझा एक मुद्दा मात्र खरा. आज मोठी दोन आहेत, उद्या वीस होतील. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. नुसती ऊब देऊन थांबलं तर पुढच्या पौषात कुडकुडणारी तोंडं आपणच वाढवू. म्हणून नसबंदी करायचीच. आताची पिल्लं दूध सुटून खायला लागली की आधी त्यांच्या आईची, मग बोक्याची. भूल दिलेली असतानाच कानाचं टोक जरासं कापतात, म्हणजे तेच मांजर कुणी पुन्हा धरून नेत नाही. खर्च निम्मा तुझा. घरात तुझाही हिस्सा आहे, हे तूच दर दिवाळीला ऐकवतोस.

संक्रांतीला येशील तेव्हा दूध आणू नकोस, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. आणि रात्री परत निघताना गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मार. इंजिन गरम असतं, पिल्लं आत जाऊन बसतात.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच