माणसे जाड का झाली?

वय ही मोठी सोयीची गोष्ट आहे. विशेषतः दुसऱ्याचे वय. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने कसलीही तक्रार केली, की ती त्याच्या वयाच्या खात्यावर मांडायची आणि आपण मोकळे व्हायचे. दुरुस्ती नाही, धावपळ नाही, खर्चही नाही. गेल्या वर्षभरात मी हा जमाखर्च इतक्या सफाईने सांभाळला, की त्याची कबुली कुठे तरी द्यायलाच हवी.

माझी आई रोह्याला असते आणि मी नोकरीमुळे पेणला. शनिवारी कॉलेज आटोपले, की दिवा-रोहा गाडीत बसायचे, कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशने मोजायची, आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचे, असा माझा क्रम. गेल्या दिवाळीत बहिणीने आणि मी मिळून आईला भिंतीवर टांगायचा नवा टीव्ही घेऊन दिला. केबलचा बॉक्सही नवा, एचडी घेतला. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने पिवळी, तांबडी आणि पांढरी अशा तीन वायरी भराभर खोचल्या, "चित्र आलं हो" असे जाहीर केले, आणि चहाही न घेता तो निघून गेला.

पुढच्याच शनिवारी आई म्हणाली, "अरे, यातली माणसं सुजल्यासारखी दिसतात."

"मोठा पडदा आहे, आई. होईल सवय."

आठ दिवसांनी ती म्हणाली, "पांढऱ्या साडीला नीळ जास्त झालीय. आणि लाल साडीचा रंग काठाबाहेर सांडतो."

"तुझे डोळे थकले आता. वय झालं ना!"

पावसाळ्यात तिसरी तक्रार आली. पाऊस लागला, की म्हणे चित्राचे चौकोनी तुकडे होतात. मी हसलो, पण मनात थोडा चरकलो. दोन वर्षांपूर्वी तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. आता पुन्हा काही उद्भवले की काय, म्हणून तिला पेणला आणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नीट तपासले आणि म्हणाले, "बसवलेलं भिंग उत्तम आहे. यांना लांबचं अगदी स्वच्छ दिसतंय." मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारले, "तुमच्या चष्म्याचा नंबर कधी तपासला होता?"

परतताना रिक्षात आई काहीच बोलली नाही. ती बोलली असती, तर बरे झाले असते.

मला आठवण झाली ती १९८७ सालची. तेव्हा 'रामायण' नुकतेच सुरू झाले होते आणि रविवारी सकाळी आमच्या घरात अर्धी आळी गोळा होई. अशा वेळी नेमक्या पडद्यावर मुंग्या यायच्या. मग बाबा गच्चीवर चढून ॲन्टेनाचा बांबू मुंबईच्या दिशेने फिरवायचे, मी अंगणात उभा राहून निरोप पोचवायचा, आणि आई टीव्हीसमोर बसून निकाल द्यायची. "आलं!" असे ती म्हणाली, की बाबांचा हात तिथेच थांबे. इतर दहाजण काहीही ओरडोत, बाबा एकच विचारीत, "ती काय म्हणते?" चित्राच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या घरात प्रमाण होता. तो कधी आणि कोणी रद्द केला, हे शोधायला फार लांब जावे लागले नाही.

पुढच्या शनिवारी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना मी रोह्याला घेऊन गेलो. त्यांनी आधी आईचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. ऐकता ऐकता ते मान डोलावत होते. "आजींनी सगळं निदान केलेलंच आहे," ते म्हणाले, "आपण फक्त औषध द्यायचं."

जुन्या टीव्हीच्या पडद्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४ ला ३. नव्याचे १६ ला ९. बॉक्स अजून जुन्या मापाचे चित्र पाठवीत होता आणि टीव्ही ते ताणून पडदाभर करीत होता. त्या ताणाताणीत प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद होत होता. आमच्या पेणच्या गणपतीने स्थूल असावे, ते त्याला शोभते. बातम्या देणाऱ्या मुलीने काय अपराध केला होता?

सांडणारा रंग हा त्या पिवळ्या वायरीचा प्रताप. तिच्यातून उजेड आणि रंग एकत्र मिसळून येतात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. शिवाय तिच्यातून जाते ते ६२५ ओळींचे चित्र. त्यातल्याही ५७६ ओळीच डोळ्यांना दिसतात. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हाही चित्राच्या ओळी तेवढ्याच होत्या! दरमहा १०८० ओळींचे पैसे भरून आम्ही बाबांच्या काळचे माप घरी आणीत होतो. चपट्या तोंडाची एचडीएमआय वायर बॉक्सच्या खोक्यात पिशवीसकट तशीच पडली होती. ती लावली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १६ ला ९ आणि १०८० असे निवडले.

नीळ जास्त झाली होती, कारण टीव्ही दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा अशाच थाटात ठेवलेला होता. चित्राचा 'सिनेमा' हा प्रकार निवडला, धार कमी केली, आणि साडी साडीसारखी पांढरी झाली.

राहिला पाऊस. पडवीत केबलच्या वायरीला दोन फाटे फोडणारा एक जुना स्प्लिटर होता. आतल्या खोलीतला दुसरा टीव्ही कधीच गेला होता; पण फाटा तसाच राहून निम्मे बळ फुकट खात होता. त्यात जोडाशी पाणी मुरून तांब्याची तार हिरवी पडली होती. जुन्या पद्धतीत चित्र क्षीण झाले, तर मुंग्या येत. डिजिटल चित्र शेवटपर्यंत ठणठणीत दिसते आणि बळ अमुक एका मर्यादेखाली गेले, की एकदम कोसळते. स्प्लिटर काढला, तारेचे टोक कापून नवे बसवले, आणि वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

सगळे झाल्यावर मी आईला समोर बसवले आणि विचारले, "काय म्हणतेस?"

तिने बराच वेळ पाहिले. एक पाहुणी बोलत होती; तिचा चेहरा लांबट, साडी पांढरी, काठ जागच्या जागी.

"आलं," आई म्हणाली.

मला फार बरे वाटले. दोन तासांची कामगिरी आणि वर्षभराची चूक यांची फिटंफाट झाली, असेही क्षणभर वाटून गेले. पाहुण्यांसाठी चहा करायला आई उठली आणि दाराच्या चौकटीला धरून थोडी थांबली.

"आता एक कर," ती म्हणाली. "माझा हा गुडघा दोन वर्षं दुखतोय. तोही एकदा कुणाला तरी दाखव. वयाचं असेल, तर डॉक्टरच सांगतील."

पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे.