जैसलमेरची सज्जी रोट्टी

दिवाळीच्या सुट्टीत कुठंतरी जायचं, हे आमच्याकडं दरवर्षी गणपतीत ठरतं आणि लक्ष्मीपूजनापर्यंत मोडतं. भातकापणी, माणसं मिळत नाहीत, कुणाचं तरी लग्न... कारणं तयारच असतात. गेल्या वर्षी मात्र धाकट्यानं वाळवंट बघायचंच असा हट्ट धरला. गुंजीच्या मुलाला वाळवंटाचं एवढं वेड का असावं, हे गुंजीत एक पावसाळा काढलेल्यालाच कळेल. चार महिने दप्तर, बूट, चादरी, वर्तमानपत्र, सगळ्याला एकच ओला वास.

प्रश्न अव्वांचा होता. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर सौंदत्तीकडचं, माहेरची भाषा कन्नड. मामंजी गुंजीचे, पक्के मराठी. 48 वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हा अव्वांना मराठीचा एक शब्द येत नव्हता म्हणे. आज माउलीच्या देवळातल्या बायकांशी त्या आमच्यापेक्षा अस्सल गुंजीचं मराठी बोलतात. मुलांनी 'आई' न म्हणता 'अव्वा' म्हणावं, एवढी एकच गोष्ट त्यांनी माहेरची राखली. सून म्हणून मीही तेच उचललं. मी निपाणीची. कन्नड शाळेत शिकले, समजतं सगळं, बोलताना मात्र अडखळते.

मामंजी जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर अव्वांचं जेवण उतरलं. चार घास भात चिवडायचा आणि 'साकु' म्हणून उठायचं. पावसाळ्यात छाती घरघरायची ती वेगळीच. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, काही निघालं नाही. 'वय झालं' असं सगळे म्हणाले. आम्हीही तेच म्हणालो, त्यात सोय असते.

त्यांना नणंदेकडं ठेवून जावं असा विचार होता. पण थोरली म्हणाली, "अव्वा आली तरच मी येणार." मग पाचही जण निघालो. बेंगळूरहून बेळगाव, मिरज, पुणे करत जोधपूरला जाणारी गाडी आहे, तिनं जोधपूर. तिथं एक दिवस अंग मोकळं केलं, मिरचीवडे खाल्ले आणि रात्रीच्या गाडीनं जैसलमेर. जोधपूरपासून ते साधारण 300 किलोमीटर. पहाटे जाग आली तर अव्वा खिडकीशी बसलेल्या. बाहेर खुरटी झुडपं आणि कोरडी जमीन. त्या म्हणाल्या, "किती लांबवर दिसतंय बघ की गे." आमच्याकडं झाडांमुळं पलीकडचं घरसुद्धा दिसत नाही.

जैसलमेरचा किल्ला पिवळ्या दगडाचा. रावळ जैसलनं 1156 साली वसवलेला. त्यात अजूनही लोक राहतात, हे त्याचं वैशिष्ट्य. तटाच्या आत घरं, देवळं, दुकानं, वाळत घातलेल्या साड्या. 2013 साली राजस्थानातल्या इतर पाच किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. पटव्यांची हवेली पाहिली, त्या दगडी जाळ्या पाहून मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो. फोटो धाकट्यानं एवढे काढले की मी वर्णन करत बसत नाही.

मला लक्षात राहिली ती वाटाड्यानं सांगितलेली पाण्याची गोष्ट. इथं वर्षाला 200 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. पूर्वी खालच्या गडीसर तलावातून बायका घागरींनी पाणी वर आणायच्या. जेवढं डोक्यावरून येईल तेवढंच खर्च व्हायचं. पुढं नळ आले, आता शहराला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी मिळतं. किल्ल्यात पाहुण्यांसाठी हॉटेलं झाली, न्हाणीघरं झाली. पण एवढं पाणी बाहेर काढून द्यायची गटारं त्या जुन्या बांधणीत कुठली? ते खाली टेकडीत मुरलं. टेकडी मऊ दगडाची आणि मातीची. काही बुरूज ढासळले, घरं पडली. आठशे वर्षं पाण्यावाचून उभा राहिलेला किल्ला पाण्यानं खचायला लागला! आम्ही उतरलो होतो किल्ल्याबाहेर, तरी त्या दिवशी ह्यांनी दोनच तांब्यांत आंघोळ उरकली.

हे ऐकता ऐकता अव्वांनी तटाच्या भिंतीवर तळहात टेकवला होता. म्हणाल्या, "कोरडी हाय." एवढंच. आमच्या घरी जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. ह्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही, मीही नाही.

रात्री जेवायला बाजारापासून जरा आत, घरगुती वाटणाऱ्या एका ठिकाणी गेलो. वाढप्यानं विचारलं, "कहाँ से?" ह्यांनी सांगितलं, बेळगाव. "अच्छा, महाराष्ट्र!" धाकटा म्हणाला, "नाही, कर्नाटक." त्यावर "तो साउथ इंडियन?" असं आलं, आणि थोरली म्हणाली की आम्ही घरी मराठी बोलतो. तो गोंधळून डाळ आणायला गेला. आपल्या भागातल्या प्रत्येकाला हा संवाद पाठ असेल.

ताटं आली. डाळ, बाट्या, चुरमा, गट्ट्यांची भाजी (आपल्या पाटवड्यांच्या रश्श्याची चुलत बहीण म्हणा), लसणाची लालभडक चटणी, कढी आणि केर-सांगरी. केर म्हणजे बोरापेक्षाही लहान आंबटसर फळं आणि सांगरी म्हणजे बारीक लांब शेंगा. दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात, भिजवून, उकडून तेला-मसाल्यात परततात. हिरव्या भाजीची आशा नसलेल्या मुलखात माणसानं काढलेली ही तोड. बरोबर बाजरीची जाड भाकरी, वर लोणी.

अव्वांनी भाकरीचा तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाल्या, "सज्जी रोट्टी."

त्या दोन भाकऱ्या जेवल्या. तिसरी अर्धी मागून घेतली. आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. तीन वर्षांत त्यांनी काही 'बेकु' म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

गल्ल्यावरच्या मालकानं आमचं बोलणं ऐकलं असावं. तो जवळ आला आणि चक्क कन्नडमध्ये म्हणाला, "येन्री अम्मा, ऊटा हेंग ऐत्री?" धाकट्याच्या हातातली बाटी खाली पडली. चुलत्याचं हुबळीत कापडाचं दुकान, हा स्वतः बारा वर्षं तिथं होता. आपल्याकडची किती मारवाडी दुकानं अशी तिकडच्या गावांशी बांधलेली आहेत, हे आपण रोज बघतोच. त्यानं विचारलं, "निम्म ऊर यावुद्री?"

"सवदत्ती," अव्वा म्हणाल्या.

गुंजी नाही. ह्यांनी मान वर केली. मालकानं विचारलं, मग बेळगावला कसं? अव्वा म्हणाल्या, लग्न होऊन तिकडं जंगलात गेले. "अल्ली बरे मळी." आणि मग परक्या माणसाला, कन्नडमध्ये, त्या सांगत सुटल्या. पहिल्या पावसाळ्यात पायाला जळवा लागल्या तेव्हा ओरडले तर सगळी हसली. ज्वारीची रोट्टी करायचे, पण एका घरात दोन चुली होत नाहीत म्हणून सासू म्हणाली, मग सोडली. ह्यांना भातच लागायचा. दुपारी भात, रात्री भात. छाती भरून येते, ऊन बघून महिना होतो. माणसं चांगली आहेत, देवमाणसं. पण पाऊस लागला की वाटतं, कधी एकदा माझ्या मातीत जाईन.

मी सगळं समजत होते आणि ताटात बघत होते. निपाणीत भाकरी थापतच वाढले मी. गुंजीत आल्यावर घरची रीत म्हणून भात रांधला, सोळा वर्षं. बाईला काय आवडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सुनेला सासूच्या आवडीनिवडी माहीत असायला हव्यात, असं मला माझ्या लग्नात चार बायकांनी तरी सांगितलं होतं.

ह्यांना झोप लागली नाही. "अठ्ठेचाळीस वर्षं! बाबांना तरी म्हणाली असेल का गं?" मी म्हटलं, विचारा. त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुलधऱ्याला निघालो. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं ते ओसाड गाव. दिवाण सालिम सिंगच्या जाचामुळं एका रात्रीत गेले, अशी दंतकथा सांगतात. मुलांना तिथल्या भुतांत रस होता. अव्वांना रस आला तो पालीवालांच्या खडिनांत. उताराला मातीचा लांब बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. "हां, वड्डु," अव्वा म्हणाल्या, "आमच्या आप्पानं घातलेला."

वाटेत थोरलीनं ड्रायव्हरला सांगरीचं झाड दाखवायला सांगितलं. रात्री तिनं मोबाइलवर शोधलं होतं: सांगरी येते खेजडीला आणि खेजडी म्हणजे शमी. "म्हणजे बन्नीच की अव्वा!" अव्वांचा विश्वास बसेना. बन्नी म्हणजे दसऱ्याला पूजायची, तिची भाजी कोण करतं? पण झाड दिसलं आणि त्यांनी रस्त्यावरच चपला काढल्या.

वाळूत एकटं उभं होतं, बारीक पानांचं. ड्रायव्हर सांगत होता, हे राजस्थानचं राज्यझाड. 1899-1900 च्या दुष्काळात, त्याला ते छप्पनिया म्हणतात, लोकांनी याची साल दळून खाल्ली. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली अमृतादेवीसह 363 बिश्नोईंनी या झाडांसाठी जीव दिला. आपण दसऱ्याला ज्याला सोनं म्हणतो, ते या लोकांनी खरोखरच सोन्यासारखं जपलेलं.

अव्वांनी त्याची परवानगी घेऊन दोन डहाळ्या तोडल्या. दसरा होऊन महिना उलटला होता. तरी त्यांनी आम्हा प्रत्येकाच्या हातात पानं ठेवली, ड्रायव्हरच्यासुद्धा. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." मुलं पाया पडली. ह्यांनी ती पानं खिशात घातली आणि उगाच गाडीच्या टायरकडं बघत राहिले.

"गुंजीत आपटाच मिळायचा," अव्वा म्हणाल्या. "तुझे मामंजी रानातनं आणायचे. आपटा बी चांगला. पण बन्नी ती बन्नी."

समच्या वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळ घालवली. उंटावर बसलो, मांगणियारांचं गाणं ऐकलं. कमायचाचा तो घुमणारा आवाज अजून कानात आहे. तिथलं जेवण गार होतं, पैसे भरपूर. घोटुवा लाडू आणि दोन किलो सांगरी घेतली आणि परत फिरलो.

परतीच्या गाडीत, मिरज गेल्यावर, अव्वा ह्यांना म्हणाल्या, "पावसाचे चार महिने मला तम्माकडं धाड." तम्मा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, सौंदत्तीला असतो. हे म्हणाले, "आमचं काय चुकलं, अव्वा?" त्या म्हणाल्या, "चुकलं कुणाचं काय नाही. मला कोरडं बसू दे की जरा."

घरी भांडण झालं नाही, पण महिनाभर विषय कुणी काढला नाही. मुलगा असताना आईनं भावाच्या दारात राहायचं, गाव काय म्हणेल, हेच ह्यांच्या मनात. नणंदेनं फोनवर मलाच चार शब्द ऐकवले. मी ज्वारी दळून आणली. रोज रात्री दोन भाकऱ्या. अव्वा त्या खायच्या, पण आकाशाकडं बघायच्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग आले, तेव्हा ह्यांनीच गाडी काढली. सौंदत्तीत सोडून रात्री उशिरा परतले, जेवले नाहीत.

जुलैत एकदा चार दिवस वीज नव्हती. पाचव्या दिवशी अव्वांचा फोन लागला. आवाज मोकळा, घरघर नव्हती. "पाऊस लई हाय न्हवं?"

"धो धो. तुम्हाला कसं कळलं? वीज नाही म्हणून?"

"न्हाई गे. नविलुतीर्थाच्या धरणात लाल पाणी आलंय, तम्मा बघून आला." कणकुंबीच्या डोंगरात उगवून खानापुरावरून जाणारी मलप्रभा तिथंच तर जाते. "मधल्या खोलीतल्या भिंतीला हात लावून बघ. ओली असंल तर तांदळाचं पोतं हलव आधी. मग ह्याला दे फोन."